चाळिशीनंतर पेटी शिकताय? काळी तीनपासून सुरुवात करा

माझ्याकडे पेटी शिकायला येणारे बहुतेक जण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले. कुणाला भजनी मंडळात साथ करायची असते, कुणाकडे आजोबांची पेटी माळ्यावर पडून असते. लहान मुलांना मी पांढरी एकपासून शिकवते. मोठ्यांना मात्र काळी तीनपासून.

पेटी समोर घ्या. काळ्या पट्ट्या कुठे दोन, कुठे तीन अशा दिसतील. तिघींमधली सर्वांत डावीकडची ती काळी तीन. तिला सा माना आणि उजवीकडे फक्त काळ्याच पट्ट्या वाजवत जा. सा रे ग, पुढच्या दोघींवर प ध, मग तार सा. झाला की भूप राग! म आणि नी भूपात वर्ज्य, आणि सा काळी तीनवर असला की ते दोन्ही पांढऱ्यांवर येतात, म्हणून काळ्यांवर राहिलात तर चुकीचा स्वर लागतच नाही. सा-रे-गला तर्जनी, मधलं बोट, अनामिका. प-धला पुन्हा तर्जनी आणि मधलं. अंगठा बोटांखालून सरकवायची कसरत नंतर करू. मोठ्या माणसाला पहिल्याच दिवशी कानाला गोड लागणारं काहीतरी हाताशी यायला हवं, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात पेटीवर पुन्हा कापड पडतं.

खरा अभ्यास डाव्या हाताचा आहे. नवशिका माणूस प्रत्येक स्वराला भाता मारतो आणि सूर हिसके खात बाहेर येतो. त्यावर उपाय असा: नुसता सा दाबून धरा. भाता हलकेच पुढे न्या आणि आतली हवा संपायच्या आधीच परत मागे आणून पुढे न्या. भाता मागे येतो त्या क्षणी सूर दबतो का, एवढंच ऐका. दबला तर हात अजून सावकाश. रोज पहिली पाच मिनिटं फक्त हेच. कंटाळवाणं आहे, पण करा.

दुसरी गोष्ट, वाजवताना गा. आवाज कसाही असू द्या. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. तिच्यावरच्या अशाच आक्षेपांमुळे 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी केली आणि ती बंदी तीसेक वर्षं राहिली. दोन स्वरांमधली ती वाट गळ्यातूनच कळते, आणि ती कळली की बोटंही वेगळी पडायला लागतात.

पट्ट्यांवर सा रे ग म लिहिलेली स्टिकरं मात्र कृपा करून लावू नका. उद्या गाणाऱ्याने सा म्हणून काळी एक, म्हणजे दोघींमधली डावीकडची पट्टी, मागितली की तुमचा सा जागा सोडतो आणि स्टिकर तिथेच राहतं. त्यापेक्षा काळी तीनवर भूप बसला की तोच काळी एकवर शोधा. तिथे फक्त ग पांढऱ्या पट्टीवर, म्हणजे पांढरी चारवर येतो. कुणी सांगायच्या आधी कानाने तो सापडला, की तुम्ही शिकायला लागलात असं मी धरते. रोज वीस मिनिटं पुरतात. सारेग, रेगप, गपध, पधसां असे पलटे संथ लयीत, आणि मग त्याच स्वरांतलं काहीतरी मनाने.

पेटी घ्यायची असेल तर साधी, दोन सुरांची, खर्ज-नर घ्या, म्हणजे एका पट्टीला खालच्या आणि मधल्या सप्तकाचे दोन सूर देणारी. स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्यांचा संच सरकवून सा बदलता येणारा प्रकार, आत्ता नको. महाग, जड, आणि तो असला की दुसऱ्या पट्टीवर सा धरून वाजवायला शिकायची गरजच वाटत नाही. जुनी घेताना स्टॉप, म्हणजे पुढच्या ओढायच्या खुंट्या, उघडा, फक्त ड्रोनचे, म्हणजे पट्टी न दाबताही सतत सूर देणारे, बंद ठेवा आणि एकही पट्टी न दाबता भाता मारा. पेटी गप्प राहिली पाहिजे. कुठूनतरी सूर वाजला तर एखादी पट्टी नीट बसत नाहीये. मग सगळे स्टॉप बंद करून भाता मारा. हाताला अडसर जाणवला नाही तर हवा गळते आहे. ही कामं दुरुस्त होतात, पण किंमत ठरवायच्या आधी कळलेली बरी.

गुडघे दुखत असतील तर मांडी घालायचा हट्ट नको. टेबलावर पेटी, खाली खुर्ची, कोपर पट्ट्यांच्या उंचीला. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, तेव्हा पेटी भिंतीपासून दूर ठेवा आणि रोज थोडी का होईना वाजवा.