आणीबाणीतली वृत्तपत्रे कशी वाचावीत?

ग्रंथालयात अंक मागताना आणीबाणी जाहीर झाली त्या २५ जून १९७५ च्या आधीचे दोन आठवडेही मागून घ्यावेत, कारण सेन्सॉरने काय गाळले हे तुलनेशिवाय कळत नाही. २८ जूनच्या ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अग्रलेखाची जागा कोरी आहे, त्या पांढऱ्या चौकोनापाशी थांबावे, कारण तो उघड निषेध आहे. छोट्या जाहिराती तर मुळीच ओलांडू नयेत, कारण त्याच दिवशी मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या निधनवार्तांमध्ये लोकशाहीच्या मृत्यूची सूचना व्यक्तिनामाच्या वेशात छापून आली होती. १९७६ च्या अंकांत बातमीचे श्रेय तपासावे: पीटीआय, यूएनआयसह चार वृत्तसंस्थांच्या सक्तीच्या विलीनीकरणानंतर तेथे फक्त ‘समाचार’ हे नाव उरते. शेवटी आणीबाणी उठली त्या २१ मार्च १९७७ नंतरचे अंक काढून, आधी वगळलेल्या अटकांच्या बातम्या तारखेनिशी वहीत नोंदवाव्यात.