फिशटँकला आधी विरजण लावा, मग मासे आणा

"आमच्याकडे मासे टिकतच नाहीत." सिडको असो, पंचवटी असो की नाशिकरोड, माशांचा विषय निघाला की कुणीतरी हे म्हणतंच. रविवारी टाकी येते, संध्याकाळपर्यंत सहा गोल्डफिश आत, बुधवारी पहिला उलटा तरंगतो आणि पुढच्या रविवारी टाकी माळ्यावर जाते. दोष दुकानदाराला, नाहीतर घराच्या पायगुणाला. खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं: टाकी लागायच्या आधीच मासे आत गेलेले असतात.

'लागणं' हा दह्याचाच शब्द इथे चपखल बसतो. मासे श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात सोडतात, विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो. अमोनिया माशांना विष आहे. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते मासे बऱ्यापैकी सहन करतात. हे जिवाणू नव्या टाकीत नसल्यातच जमा असतात. ते फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर हळूहळू वस्ती करतात, त्याला चार ते सहा आठवडे लागतात. थंडीत दही लागायला वेळ लागतो तसंच इथेही: पाणी वीस अंशांच्या खाली असेल तर आणखी वेळ धरा.

टाकी किती मोठी घ्यायची? दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, पाच मिलिमीटर काचेची. वरचे दोन इंच सोडून भरली की खडे वजा जाता साधारण पंचेचाळीस लिटर पाणी मावतं. गोल काचेचं भांडं घेऊच नका. त्यात पाणी थोडं, हवेला लागणारा पृष्ठभाग त्याहून थोडा, आणि फिल्टर बसत नाही. लहान टाकी सोपी असते हा समज उलटा आहे. कमी पाण्यात विष पटकन साठतं आणि तापमानही पटकन वरखाली होतं. भरलेल्या टाकीचं वजन साठ किलोच्या वर जातं, म्हणून टीव्हीच्या हलक्या कपाटावर ती ठेवू नका. स्टँड पाणसळीने सपाट आहे का ते बघा आणि टाकीखाली दहा मिलिमीटरचा थर्माकोल घाला. खिडकीचं ऊन थेट टाकीवर पडलं तर महिन्याभरात काचा हिरव्या होतात.

दोन ते चार मिलिमीटरचे खडे सहा-सात किलो घ्या, म्हणजे इंचभर थर होतो. साध्या पाण्याने इतके धुवा की वरचं पाणी नितळ निघेल. साबण कशालाच लावायचा नाही. खड्यांवर लिंबाचे दोन थेंब टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे आणि पाणी जड, म्हणजे क्षारांचं, होत जाईल, ते खडे परत करा.

फिल्टरमध्ये उगाच पैसे घालू नका. पहिल्या टाकीला स्पंज फिल्टर आणि एअर पंप पुरतो. पॉवर फिल्टर घेतलात तर तासाला दोनशे ते अडीचशे लिटरचा घ्या. एक गोष्ट बरेच जण विसरतात: एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. नाहीतर वीज गेली की नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे ओघळलेला थेंब सॉकेटपर्यंत पोचणार नाही. आणखी एक: त्या खोलीत डासांचा स्प्रे मारू नका. पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो.

आता पाणी. नाशिक शहराच्या नळाला मुख्यतः गंगापूर धरणाचं पाणी येतं, ते माशांना चांगलं मानवतं. फक्त त्यातला क्लोरीन जायला हवा. झाकण न ठेवता चोवीस तास बादलीत साठवा, किंवा दुकानातलं अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापाने घाला. क्लोरीन माशांचे कल्ले भाजतो आणि जिवाणूही मारतो, म्हणजे लागलेली टाकी नासते. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा वासही जास्त जाणवतो. तेव्हा दोन दिवस साठवा आणि तळाचा गाळ न हलवता वरचंच पाणी काढा. घरच्या पिंपात तुरटी फिरवली असेल तर ते पाणी टाकीला नको. आरओचं पाणीही नुसतं वापरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

बोअरचं पाणी घालणाऱ्यांनी जास्त सांभाळायला हवं. ते बहुधा जड असतं आणि त्याचा पीएचही (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) चढा असतो. पीएच सातवरून आठवर गेला की त्याच अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहा पट होतो. म्हणून शेजारच्या नळाच्या पाण्यात जगणारे मासे तुमच्या बोअरच्या पाण्यात जातात. अशा पाण्यात मॉली आणि गप्पी छान राहतात. निऑन टेट्राचा हट्ट धरू नका.

टाकी भरली, फिल्टर सुरू झाला, की विरजण. ज्यांची टाकी वर्षभर निरोगी चालली आहे अशा ओळखीच्या माणसाकडून त्यांच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मागा. तो त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, पिशवीत घालून तासाभरात घरी आणा, वाटेत सुकू देऊ नका. आपल्या फिल्टरच्या तोंडाशी धरून दोन-तीनदा पिळा. तपकिरी, चिखलासारखं पाणी निघेल आणि स्वच्छ टाकी घाण केल्यासारखं वाटेल. पण तेच हवं आहे. त्या तपकिरी गाळातच जिवाणू आहेत. तासाभरात तो फिल्टरमध्ये ओढला जातो आणि पाणी पुन्हा निवळतं. असं चांगलं विरजण मिळालं तर सहा आठवड्यांचं काम दोन-तीन आठवड्यांत होतं. ज्या टाकीत नुकताच आजार होऊन गेला तिथलं विरजण मात्र आणायचं नाही.

मासे नसताना या जिवाणूंना खायला काय? माशांचंच खाणं रोज एक चिमूट टाका. ते कुजून अमोनिया होतो. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ दिसलं तर घाबरून बदलू नका, चार-सहा दिवसांत आपोआप साफ होतं. दुकानात थेंबांचं टेस्ट किट मिळतं, त्याने दर तीन दिवसांनी तपासा. आधी अमोनिया चढतो, तो उतरताना नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. खाणं रोज पडत असतानाही दोन्ही सलग आठवडाभर शून्य आले, तर टाकी लागली. नायट्रेट चाळीस पीपीएमच्या (लिटरला चाळीस मिलिग्रॅम) वर असेल तर मासे आणण्याआधी अर्धं पाणी बदला.

पंचेचाळीस लिटरमध्ये आठ-दहा गप्पी पुरेत, तेही एकदम नाही. आधी चार, दोन आठवड्यांनी बाकीचे. पिल्लं नको असतील तर सगळे नर घ्या. नर लहान, रंगीत शेपटीचा. एका मादीला महिन्याकाठी वीस-तीस पिल्लं सहज होतात, आणि नर काढून टाकला तरी ती पुढचे काही महिने वीत राहते. नर-मादी दोन्ही ठेवायचे तर एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर नर मादीला दमवून मारतो. फायटर एकटाच ठेवायचा; त्याला पंधरा-वीस लिटर पाणी द्या, चहाच्या कपाएवढी बरणी नको. गोल्डफिश सहा-आठ इंच वाढतो आणि घाण भरपूर करतो, तो या मापाच्या टाकीचा मासा नाही. 'काच साफ करतो' म्हणून दिला जाणारा सकर तर फूटभराच्या पुढे जातो. मोठा झाल्यावर तो गोदावरीत सोडून देणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे. हा बाहेरचा मासा नदीत पसरला की इथल्या माशांच्या जिवावर येतो. नको असलेला मासा दुकानात परत द्या.

पिशवी आणली की बंदच वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी टाकीचं अर्धा कप पाणी पिशवीत घाला, असं चार-पाच वेळा. शेवटी मासा जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत.

खाणं हे माशांच्या मरणाचं दुसरं मोठं कारण. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. माणूस काचेजवळ आला की मासे धावत येतात, ती सवय असते, भूक असेलच असं नाही. आठवड्यातून एक उपास त्यांना मानवतो. घरात लहान मुलं असतील तर डबा वर ठेवा.

दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदला. अर्ध्या इंचाची पाच फूट नळी घ्या, तिचं तोंड खड्यांत खुपसून सायफनने तळची घाण ओढा. काढलेल्या त्याच पाण्यात स्पंज दोन-चारदा पिळा. नळाखाली कधीही धुवू नका. "महिन्यातून एकदा सगळं पाणी काढून, टाकी घासून, चकचकीत करतो" असं सांगणाऱ्यांचेच मासे टिकत नाहीत, कारण ते दर महिन्याला विरजण फेकून देतात. मनीप्लांटची फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील अशी काठावर अडकवली तर नायट्रेट बरंच ओढलं जातं. हा फुकटचा फिल्टर प्रत्येक टाकीवर असावा.

नाशिकची थंडी हलक्यात घेऊ नका. निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या रात्री शहरातल्या घरातलं पाणीही माशांना नको इतकं गार होतं. गप्पी-मॉलीला चोवीस ते अठ्ठावीस अंश लागतात. लिटरला एक वॅट धरून पन्नास वॅटचा हिटर घ्या, थर्मोस्टॅटचा, पंचवीसवर लावा. पाणी बदलायच्या पंधरा मिनिटं आधी तो बंद करा, नाहीतर उघडा पडलेला गरम हिटर तडकतो. एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. झाकण काढा, पाण्यावर पंख्याचा वारा येऊ द्या, पंप जोरात चालवा. बर्फ टाकू नका. पण थंडीतही मासे असेच वर येत असतील तर तो अमोनिया समजा: लगेच तपासा आणि तिसरा हिस्सा पाणी बदला. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात हवाच.

अंगावर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि मासा खड्यांवर अंग घासू लागला, तर तो व्हाइट स्पॉट. पाणी एका दिवसात एकदोन अंशच वाढवत तीसपर्यंत न्या, हवा वाढवा, आणि लिटरला दोन ग्रॅम खडे मीठ बादलीत विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांत घाला. ठिपके तीन-चार दिवसांत गेले तरी उपचार दोन आठवडे चालू ठेवा. परजीवी अंगावर असताना मरत नाही, तो पाण्यात मोकळा पोहतो तेव्हाच मरतो.

दिवाळीला गावी जाताना चार-पाच दिवस मासे उपाशी राहिले तरी बिघडत नाही. जास्त दिवस असतील तर एकेका वेळचं खाणं कागदाच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून, वर तारीख लिहून शेजारच्या काकूंकडे द्या. डबा मात्र कपाटात ठेवून जा.