ओट्यावर पाहा सागरी प्रवाह

पुण्यापासून समुद्र दूर असला, तरी सागरी प्रवाह कसा चालतो हे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नीट पाहता येते. काचेच्या पसरट भांड्यात नळाचे पाणी भरून ते अगदी स्थिर होऊ द्यावे आणि खाण्याचा निळा रंग घालून आदल्या रात्री गोठवलेला बर्फाचा खडा एका टोकाला अलगद सोडावा. घाई मात्र करू नये. वितळलेले निळे पाणी थंड, म्हणून जड असल्यामुळे धाग्यासारखे खाली उतरते आणि तळ धरून दुसऱ्या टोकाकडे सरकू लागते. हे दृश्य मुलांना जवळून दाखवावेच. ध्रुवांजवळ समुद्र गोठताना मीठ मागे राहते, त्यामुळे तिथले पाणी आणखी जड होऊन बुडते.

नंतर पाण्यावर मिरपूड भुरभुरून हलकी फुंकर घालावी. वरचे प्रवाह असे वाऱ्याने ढकलले जातात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा सोमाली प्रवाह तर मोसमी वाऱ्यांबरोबर पावसाळ्यात ईशान्येकडे आणि हिवाळ्यात नैऋत्येकडे वाहतो, म्हणूनच अरबी समुद्रातली शिडाची जहाजे ऋतू पाहून निघत.

शेवटी नकाशात दक्षिण अमेरिकेतले अटाकामाचे वाळवंट शोधावे. ते इतके कोरडे असण्यामागे किनाऱ्यालगतच्या थंड हम्बोल्ट प्रवाहाचा मोठा वाटा आहे.