घरातील व्यायाम-सायकलची बैठक कशी जुळवावी

जून ते सप्टेंबर या काळात गोव्यात पाऊस बाहेर पडू देत नाही, तेव्हा अनेक घरांतील व्यायाम-सायकल पुन्हा वापरात येते. मात्र घरातील प्रत्येकाची उंची वेगळी असल्यामुळे बसण्यापूर्वी सीट आपल्या मापाने लावून घेणे आवश्यक आहे.

सीटवर बसून पॅडल सर्वांत खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. अशा वेळी पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे प्रत्यक्ष चालवताना चवडा पॅडलवर असता गुडघ्यात सुमारे २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. सीट खाली राहिली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. फार वर गेली तर पॅडल गाठण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि गुडघ्यामागे ताण येतो. दुखणे कोठे आहे यावरून चूक ओळखता येते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. फरक एका वेळी थोडाच करावा.

सीट मागे-पुढे सरकत असल्यास दोन्ही पॅडल समान पातळीत ठेवून पुढच्या पायाचा गुडघा पॅडलच्या आसाच्या साधारण वर येईल अशी ती लावावी. हँडल सुरुवातीला सीटच्या उंचीइतके किंवा किंचित वर असावे.

सीटच्या दांड्यावरील कमाल उंचीची खूण कधीही ओलांडू नये. किनाऱ्यालगतच्या खारट, दमट हवेत हा दांडा गंजून अडकतो, त्यामुळे घाम दररोज पुसावा आणि दांडा अधूनमधून बाहेर काढून कोरडा करावा.