नवरा-बायको आणि मुलांवरचं संशोधन घरात वापरताय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एक भांडण झालं, विषय काय तर गॅसचं बुकिंग कोणी करायचं. नवरा गप्प झाला, नुसता टीव्हीकडे बघत बसला, आणि मी म्हणाले, "बघ, ह्यालाच स्टोनवॉलिंग म्हणतात, अशानेच लग्नं मोडतात." तो उठून आत गेला आणि दिवा बंद करून पडला. मी तेव्हा नात्यांवरचं बरंच वाचत होते आणि मला मनापासून वाटत होतं की मी काहीतरी शिकलेलं वापरतेय. पण तो टोमणाच होता.

तर पहिली चूक हीच, वाचलेलं समोरच्यावर वापरणं. हे शब्द आले कुठून, तर सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वर्षानुवर्षं जोडप्यांना लॅबमध्ये बसवून भांडायला लावलं, व्हिडिओ काढले, छातीचे ठोके मोजले, आणि त्यातून नातं पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या. कामाबद्दल न बोलता माणसालाच नावं ठेवणं, तुच्छतेने बोलणं, चटकन स्वतःचा बचाव करणं आणि भिंतीसारखं गप्प होणं, म्हणजेच स्टोनवॉलिंग. ह्यात तुच्छता सगळ्यात घातक. आता "तू स्टोनवॉलिंग करतोयस" हे वाक्य परत वाचा, ते स्वतःच पहिल्या सवयीत बसतं. ही यादी फक्त स्वतःला तपासायला ठेवा. मी काय म्हणायला हवं होतं? "सिलेंडर संपत आलाय, सकाळी माझी फार धावपळ होते, आज बुकिंग तू करशील का?" बस एवढंच.

आणि ह्यातली जी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली ती अशी, की गप्प बसलेला माणूस बेफिकीर असतोच असं नाही, उलट बऱ्याचदा त्याचे ठोके मिनिटाला 100 च्या वर गेलेले असतात, अंग इतकं तापलेलं असतं की ऐकू येतं पण डोक्यात शिरत नाही. अशा वेळी आपण आवाज चढवून तेच परत सांगत राहिलो तर तो अजून बंद होतो. म्हणून किमान 20 मिनिटांचा ब्रेक घ्या असं सांगतात.

पण इथेच दुसरी चूक होते. आपल्याकडे अबोला नावाची गोष्ट पिढ्यान् पिढ्या चालत आलीय, दोन-दोन चार-चार दिवस, निरोप मुलांमार्फत, "बाबांना सांग जेवायला या". तो ब्रेक नाही. ब्रेकमध्ये परत यायची वेळ सांगायची असते, "मला आत्ता बोलणं जमत नाहीये, साडेनऊला बसू", आणि साडेनऊला खरंच बसायचं. मधल्या वेळात मनात पुढची वाक्यं जुळवत राहिलात किंवा माहेरी फोन लावून सगळं परत सांगितलंत तर ठोके खाली येतच नाहीत. वन बीएचकेमध्ये जायचं कुठे हा खरा प्रश्न आहे, मी गच्चीवर जाते, नवरा दूध आणायला खाली उतरतो, कधी नुसत्या कपड्यांच्या घड्या घालते.

एक मात्र स्पष्ट सांगते, घरात मारहाण असेल, भीती वाटत असेल, तर हे ब्रेकबिक आणि गोड बोलणं करत बसू नका, तो संवादाचा प्रश्नच नाही. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, आणि मन फार थकलं असेल तर टेलीमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416.

पाचास एक ह्या आकड्याचंही असंच होतं. टिकणाऱ्या जोडप्यांमध्ये भांडतानासुद्धा एका कडू गोष्टीमागे पाच चांगल्या असतात असं गॉटमनना दिसलं, आणि लोक लागतात मोजायला, पाच वेळा कौतुक केलं आता एकदा सुनावते. त्या पाचात मान हलवणं, "हो, ते खरंय तुझं", एखादं हसू, अशा बारीक गोष्टी धरल्या होत्या. त्यापेक्षा हे बघा, नवरा खिडकीतून म्हणतो "अगं, काय पाऊस आलाय बघ", तेव्हा आपण मोबाइलमधून मान वर काढतो का. नव्याने लग्न झालेल्या जोडप्यांना सहा वर्षांनी परत पाहिलं तेव्हा जी एकत्र होती ती अशा छोट्या हाकांना 86 टक्के वेळा प्रतिसाद देणारी निघाली, वेगळी झालेली फक्त 33 टक्के. ही जोडपी अमेरिकेतली, त्यांच्या घरात सासू-सासरे, नणंद, गावाकडचे पाहुणे नव्हते हेही लक्षात ठेवा, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्या घराला लावू नका, पण मान वर काढायला काय लागतं.

आता मुलं. "हुशार" म्हणू नका, मेहनतीचं कौतुक करा, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. ते आलं म्युलर आणि ड्वेक ह्या मानसशास्त्रज्ञांच्या 1998 च्या अभ्यासातून, पाचवीच्या मुलांना कोडी दिली, काहींना हुशार म्हटलं, काहींना मेहनत केलीस म्हटलं, आणि पुढे कठीण कोडी अडल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर सोडायला लागली, त्यांना मजाही कमी आली. पण आम्ही काय करतो, उत्तर चुकलं तरी "छान मेहनत घेतलीस" म्हणून टाकतो. मुलाला ते कळतं. माझा मुलगा 84 भागिले 6 करत होता, 1 चा भाग लावला, बाकी 2, आणि तिथेच अडकला, वरचा 4 खाली घ्यायचा राहिला होता. मी गप्प राहिले. त्याने खोडलं, परत मांडलं, मग बोट ठेवून म्हणाला "हा 4 राहिला ना". तेव्हा म्हणाले, "कुठे चुकलं ते तुझं तूच शोधलंस." म्हणजे कौतुक नेमकं हवं, त्याने काय केलं ते दिसायला हवं.

ह्याच बाबतीत मी एक मोठी चूक केली. सासूबाई म्हणाल्या "माझं हुशार बाळ ते", आणि मी मुलासमोरच त्यांना टोकलं, अहो आई, असं नाही म्हणायचं. त्यानंतर तो अभ्यासाला बसला की त्या आत निघून जायच्या, आठवडाभर. शेवटी मी त्यांच्याजवळ जाऊन माफी मागितली. आजीच्या मायेने मूल बिघडतं असं त्या अभ्यासात कुठेही नाही.

बक्षिसांबद्दल थोडक्यात, मूल आवडीने जे करतंय त्याला चॉकलेट लावू नका. 1973 च्या एका अभ्यासात चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं तर नंतर त्यांचं चित्र काढणं कमी झालं, अचानक दिलेल्या बक्षिसाने तसं झालं नाही. दप्तर भरणं वगैरे कंटाळवाण्या कामाला स्टिकर चालेल.

आणि शेवटची चूक, अपराधीपणा. आई काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते आणि बाळ हसून, हात पुढे करून, शेवटी रडून तिला परत बोलवतं, तो एड ट्रॉनिक यांचा प्रयोग बघून बऱ्याच आया घाबरतात. पण त्याच ट्रॉनिकनी हेही दाखवलं की चांगल्या आई-बाळाचंसुद्धा बराचसा वेळ जुळत नसतं, सूर सुटतो, परत जुळतो, आणि त्या परत जुळण्यातूनच बाळ शिकतं. भांडणाचंही तसंच, मार्क कमिंग्ज यांच्या अभ्यासात आईबाबांचं मिटलेलं बघितलेली मुलं बरीच शांत होतात. आपण भांडतो हॉलमध्ये आणि मिटवतो बेडरूममध्ये, मुलाला फक्त अर्धंच दिसतं.

त्या गॅसच्या भांडणानंतर दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आम्ही मुलाला समोर बसवलं. नवरा म्हणाला, काल आम्ही जोरात भांडलो, मी म्हणाले, मी वाईट बोलले आणि मी बाबांना सॉरी म्हटलंय, आता बुकिंग बाबा करणार आणि आलेला सिलेंडर मी बघणार. त्याने बिस्किट चहात बुडवलं, दोघांकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "मग आज येणार का सिलेंडर?"