काटकसरीचं भाषण कागदावर कसं तपासायचं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो, आता रिटायर. उमर खतावण्या लिहिण्यात गेली, त्यामुळे माणूस पैशाबद्दल बोलायला लागला की मी त्याची जमा आणि त्याचं नावे शोधत बसतो. निवडणुकीच्या दिवसांत आमच्याकडे नेते येतात आणि दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, आम्ही कर कमी केले. दोन, तिजोरी जपायला पायजे, फुकटाची सवय बरी नाही. दोन्ही खरं असू शकतं. ते तपासायचं कसं, एवढंच इथं सांगतो. पक्षांची नावं घेत नाही, कारण आलटून पालटून सगळेच त्या खुर्च्यांवर बसले आणि सगळ्यांनी हेच भाषण केलं.

पहिलं काम सभेतच करायचं. वाक्य जसंच्या तसं उतरवा, नाही तर पोट्ट्याला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. कोणता कर, किती टक्क्यांवरून किती, कोणत्या तारखेपासून, आणि कोणत्या भागात. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. जून 2024 च्या राज्य अर्थसंकल्पात पेट्रोल-डिझेलवरचा कर कमी केल्याची घोषणा झाली. टाळ्या आपल्याकडेही पडल्या. पण ती कपात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईपुरती होती: डिझेल 24 वरून 21 टक्के, पेट्रोल 26 वरून 25 टक्के. बाकीच्या महाराष्ट्रात हे दर आधीपासूनच 21 आणि 25 होते. म्हणजे तिकडचा दर आपल्याबरोबर आणला, एवढंच. त्यात चूक काही नाही, पण घाटंजीच्या पंपावर एक पैसाही उतरला नाही. मग आपण टाळ्या काहून वाजवायच्या?

जिथं खरी कपात झाली तिथं ती मान्य करा, नाही तर तुमचं कोणी ऐकणार नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, ठिबक-तुषारवरचाही तसाच. हे चांगलं झालं. आता कृषी केंद्रातून पक्कं बिल घ्या आणि खाली पाहा. रासायनिक खतावर 5 टक्के होता, तो 5 च आहे. बोंडअळीवर मारायच्या रासायनिक औषधावर 18 होता, तो 18 च आहे. ट्रॅक्टर कास्तकार जन्मात एखादा घेतो, औषध दर हंगामात घेतो. बिलं एका पिशवीत जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा. कच्च्या चिठ्ठीवर माल घेणाऱ्याला कराबद्दल बोलायला जागा राहत नाही.

'कर्जमाफीनं तिजोरी बुडते' हे वाक्य आलं की दुसरा आकडा शेजारी मांडा. 2017 च्या राज्याच्या कर्जमाफीची घोषणा 34,022 कोटींची होती. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्रानं कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारनंच सांगितलं होतं की वर्षाला 1,45,000 कोटींचा महसूल सोडावा लागेल. एक आकडा राज्याचा आणि दुसरा देशाचा, म्हणून थेट तुलना करू नका, समोरचा लगेच पकडेल. विचारायचं एवढंच, की पहिला खर्च आणि दुसरी चालना कशी? दोन्हीत तिजोरीतले पैसे कमीच झाले.

आता मुख्य कागद. राज्याचा अर्थसंकल्प वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो. ढीग मोठा आहे, भिऊ नका. थोडक्यात आकडे देणारी पुस्तिका उघडा आणि फक्त दोन ओळी शोधा: महसुली जमा आणि महसुली खर्च. 2025-26 ला जमा 5,60,964 कोटी आणि खर्च 6,06,855 कोटी धरला होता. फरक 45,891 कोटी, ही महसुली तूट. पगार, पेन्शन, व्याज, योजनांचे हप्ते या रोजच्या खर्चातला तेवढा भाग कर्ज काढून चालला असा त्याचा अर्थ. धरण बांधायला कर्ज काढणं वेगळं आणि किराणा भरायला काढणं वेगळं. राज्यात 2005 चा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा आहे, तूट आटोक्यात ठेवण्यासाठीच केलेला. भाषणात शिस्त आली की ही वजाबाकी करून दाखवा.

पण खरा पैसा अर्थसंकल्पानंतर हलतो. मार्चमध्ये आकडा मांडतात तेव्हा टीव्हीवर तज्ज्ञ बसतात. नंतर जून-जुलैमध्ये मुंबईत आणि डिसेंबरमध्ये आपल्या नागपुरात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाच्या वर जादा पैसा मागणारे प्रस्ताव, येतात, तेव्हा कोणी बसत नाही. जुलै 2024 मध्ये 94,889 कोटींच्या आल्या. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात 57,509 कोटी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात 75,286 कोटी. एका वर्षाच्या या दोन मिळून 1,32,795 कोटी. घटनेच्या 205 व्या कलमानं अशा मागण्या मांडता येतात, बेकायदेशीर काहीच नाही. अतिवृष्टी झाली तर पैसा लागणारच. म्हणून एकूण आकडा पाहून ओरडू नका, त्याखालचा 'निव्वळ भार' पाहा, म्हणजे तिजोरीतून खरंच जादा जाणारा पैसा. 57,509 कोटींत निव्वळ भार 40,644 कोटींचा होता, बाकी बराचसा हिशेबाचा फेरफार. मग खाते पाहा. पीक नुकसानीला किती, रस्त्याच्या कंत्राटाला किती. यातलं मार्चमध्ये माहीत नसलेलं काय होतं? विदर्भाच्या प्रश्नांसाठी म्हणून अधिवेशन नागपुरात भरतं, आणि आपले लोक मोर्चा घेऊन बाहेर उभे असतात तेव्हा आत हे मंजूर होत असतं. मला तरी यात मोठी गंमत वाटते.

जोडीला कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा अहवाल घ्या, कॅगच्या संकेतस्थळावर फुकट आहे. आधीची तरतूदच खर्च झाली नसताना पुरवणी मागणी घेतल्याची प्रकरणं त्यात खात्यानुसार असतात. आमच्या सोसायटीत मी असं लिहिलं असतं तर लेखापरीक्षकानं मला उभं केलं असतं.

नेत्यांच्या स्वतःच्या पगाराचा कागद छोटा आहे. ऑगस्ट 2016 मध्ये आमदारांचे पगार आणि माजी आमदारांची पेन्शन वाढवणारं विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चा न होता मंजूर झालं. पेन्शन 40,000 वरून 50,000 झाली. सत्ताधारी आणि विरोधक, दोघांचं एकमत. त्यानंतरच्याच वर्षी कर्जमाफीवर किती दिवस खल झाला, ते गावात सगळ्यांना आठवतं.

आता उमेदवाराचं शपथपत्र, नमुना 26. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की निघतं. सेवा केंद्रात छापून घ्या. यात चार जागा पाहायच्या. गेल्या पाच वर्षांचं आयकर विवरणातलं उत्पन्न. जंगम आणि स्थावर मालमत्ता, बायकोच्या नावाची धरून. सरकारी देणी, सरकारी घरात राहिला असेल तर भाडं, वीज, पाणी, फोनची थकबाकी आहे का, हे त्याला लिहावंच लागतं. आणि उत्पन्नाचं साधन. साधनापुढं नुसतं 'शेती' असेल तर आपल्यासारखा तपासनीस दुसरा नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. जमिनीचं क्षेत्र शपथपत्रातच असतं. समजा दहा एकर कोरडवाहू, एकरी सहा क्विंटल कापूस, लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव 8,110. पूर्ण हमीभाव मिळाला असं धरलं तरी 4,86,600 रुपये, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी जायची आहे. मग आधीच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा आणि पाच वर्षांत मालमत्ता किती वाढली ते पाहा. कोणावर आरोप करू नका. वारसा असेल, सासऱ्यानं दिलं असेल, जागेचा भाव चढला असेल. पऱ्हाटीचं असं पीक कोणत्या वाणाचं, एवढं विचारायला हरकत नाही.

गावातले धाकटे नेते विसरू नका. घरपट्टी कमी करा म्हणून ग्रामसभेत सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्याचं नाव कर मागणीच्या रजिस्टरात, म्हणजे नमुना 9 मध्ये, पाहा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 नुसार मागणी झाल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. रजिस्टर दाखवायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. नक्कल मागण्याऐवजी 'अभिलेख पाहायचा आहे' असं लिहिलं तर पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. गावात राहायचं असतं, म्हणून अर्ज एकट्यानं टाकू नका, चार घरांतून चार जणांनी टाका.

सभेत प्रश्न विचारताना आवाज चढवला की कार्यकर्ते तुम्हाला विरोधी पक्षाचा ठरवून मोकळे होतात. एकच प्रश्न, एकच आकडा. "भाऊ, तुमी म्हणता तिजोरीत पैसा नाई. मंग नागपूरच्या पुरवणी मागण्यांत आपल्या तालुक्याले किती आले, तेवढं सांगा ना." बहुतेक वेळा उत्तर येतं, "ऑफिसात या, निवांत बोलू." जा ऑफिसात, पण प्रश्न कागदावर लिहून न्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. स्वीय सहायक सही द्यायला कांकू करेल. मग पोस्टात जा. जुनं रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच मिळवलंय, म्हणून खिडकीवर स्पीड पोस्टच मागा आणि पावती बिलांच्या त्याच पिशवीत टाका.