मॅच एअर पिस्तुलाचा ट्रिगर हलका कसा करावा

ट्रिगर जड लागतो म्हटलं की रेंजवर कुणीतरी स्प्रिंग कापायला नाहीतर सीअर (ट्रिगर दाबेपर्यंत शॉट अडवून धरणारा खटका) घासायला सांगतं. यातलं काहीही करू नका. घासलेला सीअर पूर्ववत होत नाही आणि असं पिस्तूल नुसत्या धक्क्यानेही सुटू शकतं. शिवाय १० मीटर एअर पिस्तुलाला ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हलका करायचा असतो तो शेवटचा दाब, आणि त्यासाठी स्टायर एलपी १० किंवा वॉल्थर एलपी ४०० सारख्या पिस्तुलांत स्क्रू दिलेले असतात. कुठला स्क्रू कशाचा ते मॅन्युअलमध्ये पाहा, अंदाजाने फिरवू नका.

चेंबर रिकामा आहे याची खात्री करा आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवा.

ट्रिगर ब्लेड, म्हणजे बोट टेकतं ती पट्टी, आधी बोटाला हवं तिथे बसवून घट्ट करा. वजन लावून झाल्यावर ब्लेड हलवलं तर सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतात.

आता खरं काम: ५०० ग्रॅमची वाटणी. हा ट्रिगर दोन स्टेजमध्ये दबतो: पहिल्या स्टेजमध्ये तो मागे येऊन अडतो, त्या अडण्याला भिंत म्हणतात, आणि दुसऱ्या स्टेजमध्ये भिंतीपुढे दाबलं की शॉट सुटतो. मला सर्वांत जास्त याच टप्प्याने छळलं, कारण जो तो दुसऱ्या स्टेजचा स्क्रू सैल करायला सांगायचा आणि पहिलीबद्दल बोलायचाच नाही. पहिल्या स्टेजवर २५० आणि दुसऱ्यावर २५० असेल तर भिंत लागल्यावर बोटाला आणखी २५० ग्रॅम दाबावे लागतात, आणि तेवढ्यात नेम ढळतो. पहिली ४०० केली तर उरतात १००. एकूण वजन तेच, पण शॉट सुटताना ट्रिगर कितीतरी हलका लागतो. म्हणून आधी पहिली स्टेज वाढवा, मग दुसरी कमी करा. एका वेळी पाव फेरा, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर माप.

मापासाठी स्प्रिंगचा काटा वापरू नका. लहान बाटलीला तारेचा आकडा लावा आणि आकड्यासकट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाणी घालून वजन जुळवा: एक बाटली ४०० ग्रॅमची, दुसरी ५१०ची (घरच्या काट्यातल्या फरकासाठी नियमापेक्षा दहा ग्रॅम जास्त, म्हणून एकूण वजनही ५१०च्या किंचित वर ठेवा). पिस्तूल कॉक (शॉटसाठी सज्ज) करा, नळी सरळ वर धरा, आकडा ब्लेडच्या मधोमध अडकवा आणि बाटली टेबलावरून सावकाश उचला. ४००च्या बाटलीने ट्रिगर भिंतीपर्यंत येऊन थांबला पाहिजे. ५१०ची उचलली तरी तो सुटता कामा नये. आकडा ब्लेडच्या टोकाकडे सरकला तर लांब तरफेमुळे ट्रिगर आहे त्यापेक्षा हलका भासतो. पिस्तुलात हवा भरलेली हवी. नुसत्या ड्राय फायरवर (हवा न सोडता ट्रिगर ओढून) घेतलेल्या मापावर माझा विश्वास नाही.

दुसरी स्टेज १०० ग्रॅमच्या खाली नेऊ नका, नवख्यांनी तर १५०च ठेवावी. त्याखाली भिंत बोटाला कळेनाशी होते आणि नेम लागण्याआधीच शॉट जातो. मोठे खेळाडू यापेक्षा कमी ठेवत असतील, पण त्यामागे त्यांचा वर्षानुवर्षांचा सराव असतो.

भिंतीनंतर ट्रिगर खरखरत सरकत असेल तरच सीअरच्या स्क्रूला हात लावा, तोही अगदी किंचित. लगेच रिकामं पिस्तूल कॉक करून मुठीच्या तळाला हाताने ठोका. सुटलं, तर स्क्रू मागे घ्या.

ट्रिगर स्टॉप, म्हणजे शॉटनंतर ट्रिगरला आणखी मागे जाऊ न देणारा स्क्रू, शेवटी: शॉट सुटेनासा होईपर्यंत आत, मग अर्धा फेरा बाहेर.

आठवडाभर सराव करून पुन्हा मोजा, आणि स्पर्धेआधी इक्विपमेंट कंट्रोलच्या (स्पर्धेतल्या साहित्य तपासणीच्या) वजनावर एकदा तपासून घ्या, कारण घरच्या काट्यात पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतात. तिथे वजन उचलायला जास्तीत जास्त तीन संधी मिळतात. सामना संपल्यावर अचानक होणाऱ्या तपासणीत ट्रिगर हलका निघाला, तर खेळाडू थेट बाद होतो.